भेग परत येते: हंटरचं नाक आणि सात वेळा भरलेली पुट्टी

हंटर या लढाऊ विमानाची प्लास्टिकची छोटी प्रतिकृती मी किटमधून जोडली आणि तिला दुसरं नाक बसवलं. रंग चढवून विमान कपाटात ठेवलं तेव्हा नाकाचा सांधा कुठे आहे ते माझं मलाच सापडत नव्हतं. तीन आठवड्यांनी धूळ पुसायला बाहेर काढलं, तर कॉकपिट संपतं तिथे, गळ्यात काळा दोरा बांधावा तशी बारीक रेघ. घासलं, भरलं, पुन्हा रंगवलं. महिन्याभरात रेघ परत हजर. असं सात वेळा झालं. पाचव्या खेपेपासून आई विचारायला लागली, "अगं, ते विमान अजून गॅरेजमध्येच का?"

सातव्या खेपेनंतर नाकच हातात आलं. तेव्हा कळलं की इतके महिने मी चुकीच्या जागी औषध लावत होते. पुढचं सगळं त्या तुटलेल्या नाकाकडे बघून शिकलेलं आहे. विमान माझं हंटर असलं तरी किटचं धड कापून त्याला दुसऱ्या साच्यातला, बहुतेकदा रेझिनचा (ओतून घट्ट केलेल्या ठिसूळ प्लास्टिकचा), तुकडा जोडायचा अशा कुठल्याही रूपांतरात हीच रेघ छळते.

आधी विमानाबद्दल थोडं, कारण सांधा कुठे पडतो हे त्यावर ठरतं. भारताने १९५७ मध्ये ब्रिटनच्या हॉकर कंपनीची हंटर मागवली. त्यातलं एकआसनी मार्क ५६ लोंगेवालाच्या लढाईमुळे, म्हणजे डिसेंबर १९७१ मुळे, सगळ्यांना माहीत आहे. शिकवण्यासाठी दोन आसनांचं टी-६६ होतं. त्यात शिक्षक आणि शिकाऊ एकामागे एक नाही, शेजारी शेजारी बसायचे. म्हणून त्याचं डोकं बेडकासारखं रुंद. मला ते एकआसनीपेक्षा जास्त आवडतं, कितीही जण कुरूप म्हणोत. एफ-६ या एकआसनी ब्रिटिश हंटरचं किट १/७२ मापात सहज मिळतं. त्याचं नाक कापायचं आणि दोन आसनांचं रेझिनचं नाक बसवायचं, असा बेत होता.

इथे एक खड्डा आहे. बाजारातले बरेचसे दोनआसनी संच ब्रिटिश टी-७ चे असतात आणि टी-७ चं इंजिन होतं एफ-४ या जुन्या एकआसनी हंटरचं. म्हणून संचात कधीकधी शेपटीचा अरुंद धुराडा पण येतो. टी-६६ ला एव्हॉन २०० मालिकेचं मोठं इंजिन होतं, त्यामुळे धड एफ-६ चंच हवं आणि संचातलं नाक तेवढं घ्यायचं. शेपटीला हात लावू नका, फक्त धुराड्याच्या वर ब्रेक पॅराशूटचं घर आहे की नाही ते फोटोत बघून घ्या.

गंमत म्हणजे खुद्द हॉकर कंपनीनेही असंच केलं होतं. टी-७ मध्ये एकआसनी नाक काढून त्या जागी रुंद नाक बसवलं गेलं, आणि सहा टी-७ तर जुन्या एफ-४ वरूनच बनवलेली. पी-११०१ नावाचा नमुना ८ जुलै १९५५ ला पहिल्यांदा उडाला आणि कॉकपिटच्या मागे पाठीवरून हवा इतकी खवळायची की कॉकपिटमागचा फुगवटा नव्याने घडवावा लागला. म्हणजे नाकामागच्या जागेने खऱ्या इंजिनिअरांनाही घाम फोडला होता. मला हे कळल्यावर जरा बरं वाटलं.

मापाचं गणित असं. एफ-६ ची लांबी १३.९८ मीटर, टी-७ ची १४.९ मीटर. फरक तीन फुटांचा, १/७२ मध्ये जेमतेम पावणेतेरा मिलिमीटर. सगळं विमान वीस सेंटिमीटरच्या आसपास. यात ०.१ मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलिमीटरची फट, जिच्यातून करंगळीचं टोक आत जाईल. म्हणून ती इतकी टोचते.

रेघ वाचायला शिका

रेघ दिसली की हात आपोआप पुट्टीच्या ट्यूबकडे जातो. तिथेच थांबा. सगळ्या रेघा सारख्या नसतात, आणि एकीचं औषध दुसरीला लावलं तर मी केलं तसं सात वेळा करत बसावं लागतं.

खोलीतला दिवा घालवा, मोबाइलचा टॉर्च विमानाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि विमान हळूहळू फिरवा. मग नखाची कड रेघेवरून आडवी ओढा. नख काय सांगतं ते ऐका.

नख एका उथळ, गोलसर पन्हळीत उतरून परत वर आलं, कडा धारदार लागल्या नाहीत, तर आतलं काहीतरी आक्रसलं आहे. नख टचकन अडकलं आणि रेघ केसासारखी बारीक, धारदार असेल, तर सांधा हलतो आहे. नख खाली न जाता वर चढलं, तर रेघ नसून वरंबा आहे. आणि नखाला काहीच लागलं नाही, रेघ फक्त डोळ्याला दिसते, तर तो रंगाचा प्रश्न आहे. भरलेला भाग आणि आजूबाजूचं प्लास्टिक प्रायमर वेगवेगळं शोषतात एवढंच. हा शेवटचा प्रकार सोडूनच देते: १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासा, प्रायमरचे दोन पातळ हात द्या, विषय संपला.

वरंबाही फार अवघड नाही. तो बहुतेक वेळा सुपरग्लूचा असतो. फेविक्विक किंवा त्या जातीचा कुठलाही गोंद पहिल्या तासाभरात प्लास्टिकइतकाच मऊ असतो, एक रात्र गेली की प्लास्टिकपेक्षा कडक होतो. दुसऱ्या दिवशी घासायला बसलात की दोन्ही बाजूंचं मऊ प्लास्टिक झिजतं आणि मधला गोंद उभा राहतो. जितकं घासाल तितका वरंबा उंच. उपाय दोन: तासाच्या आत घासा, आणि गोंदात आधीच टाल्कम पावडर कालवा, म्हणजे तो दाटही होतो आणि घासायला नरमही राहतो. पावडर निम्म्याला निम्मी, कणकेपेक्षा सैल. मी स्टीलच्या वाटीच्या उलट्या बुडावर कालवते, कारण तिथून नंतर तो खरवडून निघतो. घासताना कागद बोटावर धरू नका, लाकडाच्या चपट्या पट्टीवर ताणा. बोट प्लास्टिकच्या मऊ भागात रुततं आणि वरंबा आणखी उठून दिसतो.

आक्रसणं

पन्हळीवाली रेघ किट बनवणाऱ्यांमध्ये सर्वात जास्त सापडते, आणि तिच्यामागे दोन वेगळे गुन्हेगार असतात.

पहिला म्हणजे ट्यूबमधली पुट्टी. मॉडेलच्या दुकानातली राखाडी असो वा गाड्या रंगवणाऱ्यांकडची एनसी पुट्टी, ती पातळ ठेवणारं द्रावण उडून गेलं की ती सुकते. उडालेल्या द्रावणाची जागा कोणी भरत नाही, त्यामुळे पुट्टी आकसतेच. हा तिचा दोष नाही, स्वभाव आहे. जाड थर लावलात तर वर साय धरते आणि खाली ओलंच राहतं. तुम्ही साय घासून गुळगुळीत करता, रंग लावता, आणि खालचं पुढचे दोन-तीन आठवडे सावकाश सुकत खाली बसत राहतं. मग लॅकरचा प्रायमर वरून आला की त्यातलं थिनर पुट्टीत शिरतं, पुट्टी पुन्हा फुगते, आणि ते थिनर उडालं की पुन्हा बसते. म्हणून रंगाच्या दिवशी सगळं सपाट असतं आणि कपाटातून काढल्यावर पन्हळ दिसते.

द्रावणवाली पुट्टी ओरखड्यांसाठी वापरा, फटीसाठी नाही. ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल जागेत भरायची वेळ आली तर समजा की आधीची पायरी चुकली आहे. फट भरायची असेल तर दोन भागांची इपॉक्सी पुट्टी घ्या, जी उडून नाही तर रासायनिक क्रियेने कडक होते आणि जवळजवळ आकसत नाही. नळाला लावतो ते एम-सील चालतं, फक्त ते जरा भरड आहे, वरून पातळ सरफेसरचा, म्हणजे बारीक ओरखडे भरणाऱ्या प्रायमरचा, हात लागतो.

दुसरा गुन्हेगार आपण कधी धरतच नाही: प्लास्टिक जोडायचा पातळ सिमेंट. तो खरं म्हणजे गोंद नाहीच. तो पॉलिस्टायरीन विरघळवतो, दोन्ही कडा मऊ होतात, एकमेकांत मिसळतात, आणि द्रावण उडालं की पुन्हा कडक होतात. चांगला सांधा दाबला की कडेने मण्यासारखं मऊ प्लास्टिक बाहेर येतं आणि आपण खूश होतो. पण ते मऊ प्लास्टिक दुसऱ्या दिवशी वरून कडक वाटलं तरी आत द्रावण धरून असतं. तेव्हा घासून सपाट केलं की नंतर ते आणखी सुकतं आणि सांध्याच्या रेघेवर पन्हळ उरते, पुट्टी अजिबात न लावता. माझा अनुभव: अतिपातळ सिमेंट असेल तर दोन दिवस, ट्यूबमधला दाट असेल तर आठवडा. तोवर सांध्याला हात लावू नका, दुसरं काहीतरी करा. आसनं रंगवा, चाकं करा.

काही जण किटच्या उरलेल्या प्लास्टिकच्या दांड्या सिमेंटमध्ये विरघळवून घरची पुट्टी करतात. ती सुंदर आहे, कारण सुकल्यावर ती प्लास्टिकच असते आणि तिच्यावर पॅनेलच्या रेघा नेमक्या कोरता येतात. पण तिच्यात द्रावण इतकं असतं की ती सगळ्यात जास्त आकसते. ज्याच्याकडे पंधरा दिवसांचा धीर आहे त्यानेच तिच्या वाटेला जावं. माझ्याकडे नाही.

हलणारा सांधा

आता माझं हंटर. माझी रेघ केसाची होती, धारदार. आणि मी तिला सात वेळा पन्हळीचं औषध दिलं.

मधल्या काळात मला वाटत होतं की उकाड्याचं काम आहे. डोंबिवलीचा मे महिना, पंख्याखाली घाम, विमान भिंतीवरच्या कपाटात, रेझिन आणि प्लास्टिक वेगवेगळं प्रसरण पावत असणार. शेवटी कागदावर हिशेब मांडला. पॉलिस्टायरीन दर अंश सेल्सिअसला लांबीच्या साधारण सत्तर दशलक्षांश वाढतं. हंटरच्या गळ्याची रुंदी धरा वीस मिलिमीटर, तापमानातला फरक पंधरा अंश. वाढ झाली ०.०२ मिलिमीटर, आणि रेझिनही त्याच दिशेला वाढतंच, म्हणजे दोघांतला फरक याहूनही कमी. माणसाचा केस याच्या तिप्पट जाड असतो. उकाड्याला मी उगाच दोष देत होते. (विमान मे महिन्यात बंद गाडीत विसरलात तर गोष्ट वेगळी. तिथे रेघेचा प्रश्न राहत नाही, पंखच खाली झुकतात.)

उत्तर मिळालं ते गवंड्याकडून. आमच्या बेडरूमच्या भिंतीत, सिमेंटचा खांब आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे, वरपासून खालपर्यंत उभी भेग होती. दर दिवाळीला पुट्टी भरून रंग द्यायचा, पावसाळ्यानंतर ती परत. त्या वर्षी आलेल्या गवंड्याने भेगेवर पुट्टी लावलीच नाही. त्याने दोन्ही बाजूंचा गिलावा वीतभर तोडला, खांब आणि विटा दोन्हींवर जाईल अशी कोंबडीजाळी खिळ्यांनी ठोकली आणि मग वरून नवा गिलावा केला. "ताई, दोन वेगवेगळे माल आहेत," तो म्हणाला, "आतून धरलं नाही तर वरून काय पण लावा, फाटणारच."

मी त्याच रात्री हंटर हातात घेतलं. शेपटी डाव्या हातात, नाक उजव्या हातात, आणि अगदी हलकं वाकवलं. खरं तर बघायचं होतं रेघ उघडते का. नाक हातात आलं.

आत काय दिसलं? प्लास्टिकच्या धडाची कड जेमतेम एक मिलिमीटर जाड, आणि त्या कडेवर, फक्त कडेवर, सुपरग्लूची पातळ पापडी. समोर भरीव रेझिनचा सपाट गठ्ठा, इतका वजनदार की विमान शेपटीवर न कलंडता पुढच्या चाकावर उभं राहायला नाकात शिसं घालायची गरजच पडली नव्हती. म्हणजे सगळ्यात जड भाग सगळ्यात बारीक कडेवर लटकत होता. विमान उचलताना, धूळ पुसताना, कपाटाच्या काचेला धक्का लागताना, प्रत्येक वेळी ती पापडी कणभर वाकत होती. सुपरग्लू ताणाला दणकट, पण वाकवलं की ठिसूळ. आणि रेझिनच्या पृष्ठभागावर गोंदाची पापडी काही ठिकाणी चिकटलेलीच नव्हती. तिथे रेझिन चकाकत होतं, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर मी धुतलाच नव्हता. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि जुना दात घासायचा ब्रश, एवढंच लागतं. पाच मिनिटं वाचवली आणि आठ महिने घालवले.

तुमची रेघ हलते आहे का हे नाक न तोडता कळायचं असेल तर पाण्यात थोडी शाई घालून एक थेंब रेघेवर सोडा, कापडाने पुसा, म्हणजे शाई फक्त रेघेत राहील. आता विमान दोन्ही टोकांना धरून माझ्यापेक्षा हलक्या हाताने, वाकवू का नको अशा बेताने, ताण द्या आणि भिंगातून बघा. रेघेतून शाई वर डोकावली किंवा आत ओढली गेली तर सांधा श्वास घेतो आहे. पुट्टी बंद करून ठेवा.

आतून धरणं

दुरुस्तीला मी जे केलं ते सांगते. यापेक्षा सुबक करता येईल, पण हे टिकलं.

नाक आणि धड, दोन्हींवरचा जुना गोंद आणि पुट्टी साफ खरवडली. काचेच्या तुकड्यावर ४०० चा वॉटर पेपर पाणी लावून चिकटवला आणि दोन्ही तोंडं त्यावर गोल गोल फिरवून, चंदन उगाळतात तशी, सपाट केली. रेझिनची पूड नाकात जाऊ देऊ नका, ओलंच घासा आणि मास्क लावा. मग रेझिन धुतलं. यावेळी खरोखर धुतलं.

धडाच्या आत, कडेपासून एक मिलिमीटर आत, दीड मिलिमीटर प्लास्टिक कार्डाचा आडवा पडदा बसवला. आकार मिळवायला कागदावर धडाच्या तोंडाचा ठसा घेतला आणि थोडा मोठा कापून कापून लहान केला. हा पडदा प्लास्टिक-प्लास्टिक असल्याने सिमेंटने जोडता येतो, म्हणजे वितळून एकजीव होतो. पडद्याभोवती आतून कार्डाच्या पट्ट्यांची कड लावली, म्हणजे ती एक मिलिमीटरची भिंत आता आत दबत नाही. दोन दिवस ठेवलं.

मग पितळेच्या दीड मिलिमीटर तारेचे दोन खिळे. हंटरसारख्या गोल धडात एकच तार टाकलीत तर नाक तिच्याभोवती फिरतं, म्हणून दोन, वर-खाली. हातड्रिलने रेझिनमध्ये आठ मिलिमीटर खोल भोकं पाडली आणि तारा इपॉक्सीने पक्क्या केल्या. रेझिन ठिसूळ असतं, विजेच्या ड्रिलने वितळतं किंवा फुटतं, घाई नको. पडद्यात भोकं कुठे पाडायची? तारांच्या टोकांना ओला लाल रंग लावून नाक जागेवर टेकवलं. पडद्यावर दोन ठिपके उमटले, तिथेच ड्रिल. भोकं तारेपेक्षा किंचित मोठी ठेवली, कारण ठिपके कधीच शंभर टक्के नेमके नसतात आणि थोडी हालचाल हवीच असते. तारा पडद्यापार तीन-चार मिलिमीटर जाऊ दिल्या.

जोडायला सावकाश सुकणारं अ‍ॅराल्डाइट. पाच मिनिटांत सुकणारं घेऊ नका. नाक सरळ आहे की नाही बघायला पाच मिनिटं पुरत नाहीत. मी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या उभ्या पंखापर्यंत शिवणाचा दोरा ताणला आणि वरून बघितलं. मग समोरून, दोन्ही पंखांची टोकं कॉकपिटच्या काचेच्या रेघेपासून सारख्या उंचीवर आहेत का. पहिल्यांदा नाक अर्धा अंश डावीकडे होतं. खऱ्या विमानात पायलटने तक्रार केली असती. सरळ केलं, मास्किंग टेपने आवळलं आणि विमान तांदळाच्या डब्यात शेपटीवर उभं रोवलं. तांदूळ त्याला कुठूनही धरतात, हे मला कुठल्याही महागड्या स्टँडपेक्षा बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी, पुढच्या चाकाच्या भोकातून, पडद्यामागे तारांच्या टोकांवर एम-सीलचा गोळा दाबला. माझ्या किटमध्ये तिथून पोचता आलं. तुमच्यात नसेल तर दोन्ही अर्धी धडं जोडायच्या आधीच हा विचार करा.

एवढं झाल्यावर वरची फट भरायला राहिली ती जेमतेम केसाची. तिथे पातळ सुपरग्लू टाचणीच्या टोकाने सोडला, तो आपोआप आत शोषला गेला. मग टाल्कमवाला दाट हात, तासाभरात ६०० ने घासणं, मग ८००, मग १०००. पेन्सिलीचं शिसं रेघेवर चोळून पुन्हा हलकं घासलं की खोलगट जागी काळं राहतं, म्हणजे कुठे अजून भरायचं ते दिसतं. रंगाच्या आधी चंदेरी रंगाचा एक हात ब्रशने त्या पट्ट्यावर मारते. चंदेरी रंग कुणाची भीड ठेवत नाही.

आणि जिथे सांधा खऱ्या पॅनेलच्या रेघेवर पडतो, तिथे तो लपवूच नका. माझ्या संचात पोटाकडचा सांधा नेमका पॅनेलच्या रेघेवर होता, पाठीवर मात्र फुगवट्यामुळे मोकळ्या पत्र्यावर. सात वेळा मी पोटाकडेही पुट्टी भरली आणि वरून पुन्हा रेघ कोरली. केवढा मूर्खपणा! आता पोटाकडे फक्त गोंद आत सोडला आणि कड जराशी मारली. विमान कापायच्या आधी फोटो आणि आराखडे घेऊन बसा, आणि करवत जमेल तितकी खऱ्या रेघेवरच चालवा.

पावसाळ्यातली काही खरकटी

जूनमध्ये सुपरग्लू भराभर सुकतो, कारण त्याला सुकायला हवेतली ओलच लागते. म्हणजे घासायचा तास अर्ध्या तासावर येतो, आणि उघडी ठेवलेली बाटली आठवड्यात दगड होते. बाटली हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत फ्रीजमध्ये ठेवा, पण काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. फ्रीजमध्ये ठेवताना घरच्यांना सांगून ठेवा.

उलट पाण्यात विरघळणारे रंग याच दिवसांत अंग काढतात. वरून कोरडे, आत चिकट. त्यांच्यावर लगेच लॅकरचं वार्निश मारलं की सुरकुत्या. सांध्याशी याचा संबंध एवढाच की सुरकुती सांध्याच्या रेघेवर पडली तर तुम्ही पुन्हा पुट्टीलाच दोष द्याल. नखाची चाचणी तिथेही करा.

कोणी विचारलं होतं, की एवढं सगळं केल्यावर भारतीय हवाई दलाच्या थंडरबोल्ट्सचं निळं-पांढरं चकचकीत हंटर करायला हरकत आहे का. १९८२ चा तो हवाई कसरतींचा चमू, नऊ हंटर, देखणाच. पण चकचकीत निळ्याखाली ०.०५ मिलिमीटरही लपत नाही, आणि ती एकआसनी होती. म्हणजे त्यांच्यासाठी नाक कापायचंच नाही. पहिलं रूपांतर मॅट छद्मरंगात करा.

आणि रंग आधीच चढला असेल, विमान तोडायची हिंमत नसेल, पण रेघ हलते आहे हे शाईने सिद्ध झालं असेल तर? मधला मार्ग आहे, पण अर्धवट. रेघेवर वरून भरू नका, आधी ती उघडा. ब्लेडची पाठ रेघेतून ओढून इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच करा, पोटाकडून दोन बारीक भोकं पाडून सांध्याच्या आरपार तिरके पितळेचे खिळे सुपरग्लूने ठोका, खिळ्यांची डोकी घासून सपाट करा, मग खाच भरा. पोटाची बाजू कोणी बघत नाही. हे काही महिने टिकतं, काहींचं वर्षभर टिकलं. नाक जड असेल तर तेवढंही नाही.

आता मी जोडलेल्या प्रत्येक सांध्यावर मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर तारीख आणि गोंद कुठला ते लिहिते. हंटरच्या तुकड्यावर लिहिलं होतं "इपॉक्सी, २ तारीख, ९ पर्यंत हात लावू नये". खाली आईने पेनाने लिहून ठेवलं होतं: "मी लावला नाही".